गुणवत्तेची मोजपट्टी

(कुटुंब प्रबोधनाच्या एका कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पुण्यातील ज्या भागाला आज कर्वेनगर म्हणतात, त्याचे जुने नाव हिंगणे. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी काढलेला आश्रम १९०० साली तेथे हलविण्यात आला. अण्णासाहेब फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि तेथून पायी हिंगण्यास जात. चिखल तुडवीत, शिव्याशाप ऐकत. केशवपन केलेल्या मुलींच्या हाती ज्या माळावर पाटी-पेन्सिल आली, त्याच परिसरात, त्याच संस्थेने १९९१ साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. तेथे मुली आज संगणक अभियांत्रिकी शिकतात. गणिताच्या प्राध्यापकाने काढलेल्या आश्रमाला आलेले हे फळ पाहून कोणत्याही मराठी माणसाचा ऊर भरून यावा.

म्हणूनच ‘संगणक क्षेत्रात स्त्रियांची आणि उपेक्षित वर्गांची उणीव’ असा विषय काढला की पुण्या-मुंबईतील, नाशिक-नागपुरातील मध्यमवर्गीय श्रोता चकित होतो. उणीव कसली? प्रत्येक वाड्यात, प्रत्येक सोसायटीत एक तरी मुलगी ‘आयटी’त आहे. एखादी हिंजवडीला जाते, एखादी न्यू जर्सीला आहे. हा प्रश्न अमेरिकेने स्वतःसाठी काढला, आपला त्याच्याशी संबंध नाही, अशी समजूत आहे. ती अर्धी खरी आहे. उरलेले अर्धे आपल्या घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबते. मात्र तेथवर जायचे तर आधी अमेरिकेतून जावे लागते. कारण हे क्षेत्र तेथे जन्मले आणि त्याच्या चुकाही तेथेच जन्मल्या.

‘कॉम्प्युटर’ हा शब्द इंग्रजीत आधी यंत्राचा नव्हता, माणसाचा होता. आकडेमोड करणाऱ्या नोकरदारास कॉम्प्युटर म्हणत. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळा कोठे पडेल याची कोष्टके तयार करण्यासाठी अमेरिकी लष्कराने गणित शिकलेल्या तरुणी नेमल्या. त्यांच्यातून सहा जणींची निवड एनिॲक या नव्या यंत्रासाठी झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उभारलेल्या या अजस्र यंत्रात सुमारे १८ हजार निर्वात नलिका होत्या. त्याला आज्ञा देण्यासाठी आजच्यासारखी भाषा नव्हती, शिकविणारा गुरू नव्हता, पुस्तकही नव्हते. यंत्राचे आराखडे वाचायचे, तारा एका जागेहून काढून दुसऱ्या जागी जोडायच्या, कळा फिरवायच्या आणि गणित यंत्राच्या पोटात उतरवायचे, हे काम त्या सहा जणींनी केले. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. तोफगोळ्याच्या मार्गाचे जे गणित पाहून जमलेले विद्वान थक्क झाले, त्याची मांडणी बेटी जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर या दोघींनी केली होती. त्या रात्री मोठी मेजवानी झाली. तिचे निमंत्रण या सहा जणींपैकी एकीलाही नव्हते.

याहून बोलका प्रसंग पुढचा आहे. सुमारे चाळीस वर्षांनी कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने यंत्राच्या जुन्या छायाचित्रांतील स्त्रिया कोण, अशी चौकशी केली. यंत्र शोभून दिसावे म्हणून उभ्या केलेल्या त्या मॉडेल असाव्यात, असे तिला सांगण्यात आले. नावे शोधून, त्यांना भेटून, त्यांचे बोलणे नोंदवून घेण्याचे काम त्या मुलीने केले, म्हणून आज जगाला ती सहा नावे ठाऊक आहेत.

यात कोणी दुष्ट होते असे समजण्याचे कारण नाही. त्या काळच्या अभियंत्यांची प्रामाणिक समजूत अशी, की यंत्र बांधणे हे खरे काम. त्याला आज्ञा देणे म्हणजे कारकुनी. कारकुनी बायकांकडे दिली. पुढे लक्षात आले, की यंत्र बांधणे त्या मानाने सोपे आणि त्याला नेमकी आज्ञा देणेच अवघड. तेव्हा त्या कामाचा पगार वाढला, मान वाढला आणि काम करणारी माणसे बदलली. चूल घरात असते तोवर ती बाईची आणि लग्नाच्या मांडवामागे पेटली की आचारी पुरुष, हा अनुभव आपल्यालाही आहे.

बदल एका रात्रीत झाला नाही. १९५२ साली आज्ञांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी एक आरंभीची प्रणाली ग्रेस हॉपर या बाईंनी तयार केली. बँका आणि सरकारी कचेऱ्या ज्या कोबॉल भाषेवर दशकानुदशके चालल्या, ती १९५९ सालच्या त्या भाषेची आखणी हॉपरबाईंच्या आधीच्या कामावर आधारलेली होती. १९६७ साली अमेरिकेतील एका स्त्रियांच्या मासिकाने संगणकावर काम करणाऱ्या मुलींवर कौतुकाचा लेख छापला. त्यात हॉपरबाईंनी या कामाची तुलना मेजवानीच्या तयारीशी केली होती: सगळे आधी योजून ठेवायचे, म्हणजे वेळेवर सगळे तयार. घर चालविणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे लगेच पटेल.

पण त्याच सुमारास दुसरीकडे एक वेगळी गोष्ट घडत होती. १९६६ साली विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी चांगला प्रोग्रामर कसा असतो याचे निकष ठरविले. त्यासाठी त्यांनी सुमारे १,४०० प्रोग्रामर तपासले. त्यांत स्त्रिया दोनशेही नव्हत्या. या मंडळींच्या आवडीनिवडींवरून निष्कर्ष असा निघाला, की चांगल्या प्रोग्रामरला कोडी सोडवणे आवडते आणि माणसांत मिसळणे आवडत नाही. अशा चाचण्या कंपन्यांनी नोकरभरतीसाठी वापरल्या. एकलकोंडा, माणूसघाणा तरुण म्हणजे हुशार प्रोग्रामर, अशी प्रतिमा त्यातून पक्की झाली. हे क्षेत्र मुळात सहकार्याचे. पन्नास जणांनी मिळून एक प्रणाली उभी करायची, एकाने लिहिलेले दुसऱ्याला समजले पाहिजे, ग्राहकाला काय हवे ते त्याला स्वतःला सांगता येत नसताना ओळखता आले पाहिजे. त्या कामासाठी माणसे नावडणारा माणूस निवडायचा! आधी आत असलेल्यांचे माप घ्यायचे, त्या मापाची पट्टी करायची आणि बाहेरच्यांना त्या पट्टीने मोजून ‘बसत नाही’ म्हणायचे. या पट्टीला गुणवत्ता असे नाव आहे.

मग घरगुती संगणक आला. १९८० च्या दशकात अमेरिकेत त्याच्या जाहिराती मुलांसाठी आणि वडिलांसाठी होत्या. मुलगा खेळतो, वडील कौतुकाने मागे उभे. संगणक विज्ञानाची पदवी घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण तेथे १९८४ साली सुमारे ३७ टक्के होते. त्याच वेळी वैद्यक आणि कायदा या शाखांत मुली वाढतच गेल्या. संगणकात मात्र आलेख उतरणीला लागला आणि पंचवीस वर्षांत १८ टक्क्यांवर आला. अलीकडे तो पुन्हा २० च्या थोडा वर सरकला आहे. चाळीस वर्षांपूर्वी जेथे होता, तेथे अद्याप पोहोचलेला नाही.

कार्नेगी मेलन हे अमेरिकेतील या विषयाचे अग्रगण्य विद्यापीठ. तेथे १९९५ साली संगणक विज्ञानाच्या नव्या तुकडीत मुली ७ टक्के होत्या. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी शंभराहून अधिक विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलून कारणे शोधली. उत्तर इतके साधे निघाले, की शास्त्रज्ञांना ते आधी का सुचले नाही याचे नवल वाटावे. घरातला संगणक बहुधा मुलाच्या खोलीत असे. तो दहाव्या-बाराव्या वर्षापासून त्याच्याशी खेळलेला असे. महाविद्यालयात पहिल्या दिवशी तो सराईतासारखा बोलू लागे. मुलीला वाटे, हा जन्मजात हुशार आणि आपण येथे चुकून आलो. प्राध्यापकांनाही तसेच वाटे. सराव आणि बुद्धी यांची ही गल्लत होती. गुण चांगले असूनही मुली ‘हा विषय आपला नव्हे’ म्हणून सोडून जात.

विद्यापीठाने मग प्रवेश देताना आधी किती प्रोग्रामिंग केले आहे याला दिलेले महत्त्व कमी केले, ज्यांना सराव नाही त्यांच्यासाठी पहिल्या वर्षाचा वेगळा मार्ग ठेवला आणि हे ज्ञान प्रत्यक्ष जगात कशासाठी वापरायचे ते आरंभीच दाखविले. २००० साली नव्या तुकडीत मुली ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत. पाच वर्षांत मुलींचा मेंदू बदलत नाही.

ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली या बाईंनी आणखी वेगळा मार्ग काढला. नाझींच्या छळातून वाचविण्यासाठी १९३९ साली ज्या ज्यू मुलांना आगगाडीने इंग्लंडला पाठविले गेले, त्यांतली ही पाच वर्षांची मुलगी. १९६२ साली तिने अवघ्या सहा पौंडांवर सॉफ्टवेअर कंपनी काढली. लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर स्त्रियांना तिने घरबसल्या काम दिले. ‘स्टेफनी’ अशी सही करून पाठविलेल्या पत्रांना उत्तर येईना, म्हणून ती ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागली आणि उत्तरे येऊ लागली. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठीचे प्रोग्रामिंग अशा घरी बसलेल्या स्त्रियांनी केले. कोविडच्या साथीत जगाला ‘वर्क फ्रॉम होम’ सापडले म्हणतात. या बाईंना ते साठ वर्षे आधी सापडले होते. पाळणा हलवता हलवता कामे करण्याचा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव, त्यांना त्यात नवे काय वाटणार?

आता ‘अल्पसंख्य’ या शब्दाकडे. हा शब्द उच्चारला की आपल्याकडे लगेच निवडणूक आठवते आणि चर्चा भलतीकडे जाते. येथे त्याचा अर्थ एवढाच, की ज्या क्षेत्रात देशाची संपत्ती आणि सत्ता निर्माण होते, तेथे समाजातील कोणकोण दिसत नाहीत. अमेरिकेत हा प्रश्न प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा आहे. व्हर्जिनियातील लँग्ली येथील विमानविद्या संशोधन केंद्रात १९४३ साली आलेल्या डोरोथी व्हॉन यांना कृष्णवर्णीय गणकांच्या वेगळ्या विभागात बसविण्यात आले, कारण गोऱ्यांच्या विभागात त्यांना जागा नव्हती. त्याच पुढे त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. विद्युत संगणक येऊन गणकांच्या नोकऱ्या जाणार हे ओळखून त्या फोरट्रान ही भाषा स्वतः शिकल्या आणि हाताखालच्या बायकांनाही शिकविली. एकटीने तरून जाणे शक्य असताना त्यांनी सगळ्यांना बरोबर नेले. हा संस्कार आपल्याला परका नाही.

तरी पुढच्या पिढ्यांना ती वाट रुंद झाली नाही. २०१४ साली गूगलने आपल्या कर्मचाऱ्यांची आकडेवारी प्रथमच उघड केली. तांत्रिक कामांत स्त्रिया १७ टक्के. कृष्णवर्णीय एक टक्का. आशियाई वंशाचे मात्र ३४ टक्के, आणि त्यांत भारतीय किती असतील हे वेगळे सांगायला नको. म्हणजे संख्येने तेथे अल्पसंख्य असलेला आपला मुलगा या क्षेत्रात उणिवेच्या बाजूला नाही, भरतीच्या बाजूला आहे. गेल्या काही वर्षांत तेथे वारा फिरला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सरकारी खात्यांतील असे सर्व उपक्रम बंद करण्याचे आदेश काढले, पाठोपाठ गूगलनेही भरतीची उद्दिष्टे सोडून दिली. त्या उपक्रमांत दिखाऊपणा पुष्कळ होता, घोषणा जास्त आणि फळ कमी होते, हे त्यांच्या समर्थकांनीही मान्य करावे. पण औषध निकामी ठरले म्हणून रोग नव्हताच, असे कोणता वैद्य म्हणेल?

एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. २०१७ साली गूगलमधील एका अभियंत्याने तो लेखी मांडला आणि त्याची नोकरी गेली. स्त्रीची प्रकृतीच वेगळी, तिला यंत्रापेक्षा माणसांत रस, म्हणून हे प्रमाण असे; अन्याय कसला? स्त्री-पुरुषांची प्रकृती वेगळी असते हे भारतीय परंपरेला नव्याने शिकविण्याची गरज नाही. पण या प्रश्नाला ते उत्तर लागू पडत नाही. मलेशियात संगणक शिकणाऱ्यांत मुली निम्म्याच्या आसपास आहेत. भारतातील माहिती तंत्रज्ञान उद्योगात काम करणाऱ्यांत स्त्रिया एक तृतीयांशाहून थोड्या अधिक आहेत. न्यू मेक्सिको विद्यापीठातील रोली वर्मा यांनी भारतीय विद्यार्थिनींचा अभ्यास केला, तेव्हा त्या मुलींना हे क्षेत्र पुरुषी वाटतच नव्हते. छपराखालचे काम, बुद्धीचे काम, बरा पगार, सुरक्षित जागा. बांधकामावर किंवा कारखान्यात जाण्यापेक्षा घरच्यांनाही पसंत. प्रकृती जर कारण असेल, तर ती अटलांटिक ओलांडताना बदलते कशी?

भारतात येथवर येणे सहज घडलेले नाही. १९७४ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यासाठी अभियंते हवे असल्याची जाहिरात निघाली आणि स्त्रियांनी अर्ज करू नये असे तीत छापले होते. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या तरुणीने जे. आर. डी. टाटांना थेट पोस्टकार्ड लिहिले. तिला मुलाखतीला बोलाविले गेले, नोकरी मिळाली. हीच सुधा पुढे सुधा मूर्ती झाली आणि १९८१ साली पुण्यातच सुरू झालेल्या इन्फोसिसचे पहिले भांडवल तिच्या साठवणीतून आले. ती गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते आणि सांगावीच. मात्र एक पोस्टकार्ड योग्य माणसाच्या हाती पडले म्हणून एक दार उघडले. न लिहिलेली पोस्टकार्डे किती असतील, हे त्या गोष्टीत येत नाही.

आयआयटीचे उदाहरण ताजे आहे. २०१६ साली तेथील बी. टेक.च्या प्रवेशांत मुली जेमतेम आठ टक्के होत्या. बुद्धी कमी म्हणून? दहावी-बारावीच्या निकालात मुलीच पुढे असतात. मुलाला दोन वर्षे कोट्याला पाठविणारे, त्यासाठी कर्ज काढणारे आई-वडील मुलीला ‘जवळचेच बघू’ म्हणतात. तिला गुवाहाटी किंवा खरगपूर मिळाले तरी ‘इतक्या लांब एकटी?’ हा प्रश्न निघतो. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण करण्यात आल्या. मुलांच्या जागा घटविल्या नाहीत, परीक्षेची पात्रताही तीच ठेवली. दोन वर्षांत प्रमाण २० टक्क्यांवर गेले. पात्र मुली होत्याच. त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली, तेव्हा त्या आल्या.

प्रवेशद्वाराशी आपले चित्र अमेरिकेहून बरे आहे ते असे. पण जिना चढून पाहावा. पहिल्या मजल्यावर मुलींचा किलबिलाट, तिसऱ्या मजल्यावर शुकशुकाट. तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी, जेव्हा संघप्रमुखाची, आराखडा ठरविण्याची जबाबदारी यायची, तेव्हाच त्या दिसेनाशा होतात. यावर बोलताना कंपन्यांना दोष देणे सोपे आहे, आणि दोष आहेही. २०१७ च्या कायद्याने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, पन्नास किंवा अधिक माणसे जेथे आहेत तेथे पाळणाघर बंधनकारक झाले. आणि त्याबरोबर नव्याने लग्न झालेल्या मुलीला मोठ्या प्रकल्पावर घ्यायचे की नाही, असा न बोलला जाणारा हिशेबही सुरू झाला.

पण घराचे काय? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देताना आढळल्या, पुरुष ८८ मिनिटे. आणि हे ज्या पुरुषांनी घरकामाला हात लावला त्यांचे. बहुसंख्य पुरुषांनी तर लावलाच नाही. सूनबाई आणि चिरंजीव एकाच कंपनीत, एकाच पगारावर. दोघे साडेसातला दमून येतात. एकाला चहा मिळतो, दुसरीला कुकर लावायचा असतो. अमेरिकेतल्या ग्राहकाबरोबरची बैठक रात्री साडेनऊला, म्हणजे पोराला झोपवण्याच्या वेळेला. बैठक कोणाची चुकते? दुसऱ्या बाळंतपणानंतर ‘पैशाची गरज काय आहे आता, घराकडे बघ’ असे अत्यंत प्रेमाने सांगितले जाते. सांगणारे वाईट लोक नसतात. बहुधा ते या सभागृहात बसतात त्या प्रकारचेच सज्जन असतात. व्यासपीठावरून मातृशक्तीचा गौरव करणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या घरचे ताट कोण उचलतो हे सांगावे, असा प्रश्न एखाद्या सेविकेने विचारला तर उत्तर काय आहे? १९३६ साली वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली, तेव्हा स्त्रीची शक्ती राष्ट्राच्या कामी यावी हा हेतू होता. चार वर्षे राष्ट्राच्या खर्चाने आणि आई-बापांच्या कष्टाने शिकलेली अभियंता दहा वर्षांत घरी बसते, हा राष्ट्राचा तोटा नव्हे काय? जिला मनापासून मुलांसाठी घरी राहायचे आहे तिचा निर्णय आदराचा. पण निर्णय तिचा असावा. मुले मोठी झाल्यावर तिला परत यायचे असेल, तर मधल्या रिकाम्या सहा वर्षांबद्दल तिला गुन्हेगारासारखे विचारले जाऊ नये.

स्त्रियांबद्दलची ही गोष्ट निदान बोलली तरी जाते. दुसरी बोललीच जात नाही. कॅरोल उपाध्या यांनी बंगळुरूच्या सॉफ्टवेअर उद्योगाचा अभ्यास करून २००७ साली लिहिले, की ‘केवळ गुणवत्ता’ म्हणणाऱ्या या उद्योगातील बहुसंख्य मंडळी शहरी, मध्यमवर्गीय आणि वरच्या जातींतली आहेत. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखे, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लीम नावाला एक तृतीयांश. हे केवळ संगणक कंपन्यांचे चित्र नव्हते, सर्वच खासगी नोकऱ्यांचे होते. पण संगणक कंपन्या काही निराळ्या आकाशातून उतरलेल्या नाहीत.

सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी त्याच सुमारास नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. सगळे म्हणाले, आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. पुढे तेच म्हणाले, की कौटुंबिक पार्श्वभूमीही विचारतो. वडील काय करतात, भाऊ-बहिणी किती शिकल्या. संस्कार कळतात त्यावरून! आता मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावचा, समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात राहून शिकलेला मुलगा डोळ्यांपुढे आणावा. वडील ऊसतोडीला जातात. त्याने संगणक प्रथम हाताळला तो महाविद्यालयात. इंग्रजी त्याला समजते, बोलताना अडते. त्याची चाचणी उत्तम झाली आहे. ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला त्याने काय उत्तर द्यावे, म्हणजे संस्कार कळतील? रामेश्वरमच्या एका होडीवाल्याच्या मुलाच्या शुल्कासाठी त्याच्या बहिणीने अंगावरचे दागिने गहाण टाकले होते. मद्रासच्या तंत्रसंस्थेने त्याला घेतले. पुढे त्याने देशाला क्षेपणास्त्रे दिली आणि तो राष्ट्रपती झाला. अब्दुल कलाम यांचे छायाचित्र कचेरीत लावून वडिलांचा धंदा विचारणाऱ्यांना ही विसंगती जाणवत नाही, हे विशेष.

ज्या वर्षी ते पोस्टकार्ड टाटांना गेले, त्याच १९७४ च्या मे महिन्यात पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस सामाजिक समता आणि हिंदू संघटन या विषयावर बोलले. अस्पृश्यता ही चूकच, तिचे समर्थन कोणत्याही शास्त्राच्या आधाराने होऊ शकत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. त्या व्याख्यानाची पुस्तिका घराघरांत आहे. पण तेव्हा प्रश्न पाणवठ्याचा, मंदिराचा, पंगतीचा होता. आजचा पाणवठा वातानुकूलित आहे, तेथे शिरायला ओळखपत्र लागते, आणि कोणी कोणाला शिवू नये असे कोठेही लिहिलेले नाही. सहभोजन तर तेथील उपाहारगृहात रोज होते. प्रश्न त्या टेबलापर्यंत कोण पोहोचतो एवढाच आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण असावे की नसावे यावर मतभेद असू शकतात, या व्यासपीठावरही आहेत. पण आरक्षण नको म्हणणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते. त्याने निवड खरोखर निःपक्षपाती होते हे दाखवून दिले पाहिजे.

याचे परिणाम फक्त नोकरीपुरते राहिले असते तरी प्रश्न मोठा होता. पण सॉफ्टवेअर आता माणसांचा न्याय करू लागले आहे. अर्ज चाळण्यासाठी ॲमेझॉनने एक प्रणाली तयार केली. तिला कंपनीकडे दहा वर्षांत आलेले जुने अर्ज शिकविले. ते बहुतेक पुरुषांचे. ‘महिला’ हा शब्द अर्जात आला, की ती प्रणाली गुण कमी करू लागली. हे २०१८ साली बाहेर आले तोवर कंपनीने ती मोडीत काढली होती. त्याच वर्षी जॉय बुओलाम्विनी या संशोधिकेने चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक एक टक्क्याहून कमी. काळ्या स्त्रियांबाबत एका प्रणालीत जवळजवळ ३५ टक्के. बनविणाऱ्यांनी स्वतःसारखे चेहरे दाखवून यंत्र शिकविले, ते तेवढेच शिकले. १९६६ सालची ती मोजपट्टी आता यंत्राच्या पोटात गेली आहे आणि तेथे तिला कोणी प्रश्न विचारीत नाही. उद्या कर्ज, विमा, शिष्यवृत्ती यांचे निर्णय अशा प्रणाली घेतील. वनवासी पाड्यावरच्या मुलीचा अर्ज त्यांच्यापुढे जाईल, तेव्हा ती प्रणाली लिहिणाऱ्यांत पाड्याची भाषा, नावे, जगणे माहीत असलेले कोणी बसले होते का, यावर पुष्कळ अवलंबून राहील.

सेवाकार्यातून चालणारी वसतिगृहे, अभ्यासिका पुष्कळ आहेत. तेथे शिलाई यंत्रे पोहोचली, संगणकही पोहोचले. बहुधा ते कार्यालयाच्या खोलीत कुलपात असतात आणि किल्ली व्यवस्थापकाकडे. ती किल्ली एखाद्या आठवीतल्या मुलीकडे का असू नये? बिघडेल म्हणून? कार्नेगी मेलनच्या मुलांनी घरचे संगणक बिघडवूनच विद्या मिळविली होती. शहरातल्या अभियंत्यांनी रविवारचे दोन तास द्यायचे तर इंग्रजी संभाषणापेक्षाही, मुलाखतीत काय विचारतात आणि अडले तर काय करायचे, हे सांगावे. आपल्या मुलांना हे जेवणाच्या टेबलावर फुकट मिळते. घराण्याची शिदोरी म्हणतात ती हीच.

आणि श्रोत्यांत जे संघप्रमुख, व्यवस्थापक, मनुष्यबळ विभागातले अधिकारी आहेत त्यांच्यासाठी एक. दहावीच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव लिहीत नाहीत, बैठक क्रमांक लिहितात. तपासणाऱ्याला आडनाव कळू नये, गाव कळू नये, मुलगा की मुलगी ते कळू नये, ही व्यवस्था सर्वांनी आयुष्यात एकदा तरी अनुभवली आहे आणि तिला कोणी ‘लांगूलचालन’ म्हटलेले नाही. नोकरीच्या अर्जांची पहिली चाळणी तशीच करता येते: नाव झाकून, छायाचित्र काढून, वडिलांच्या व्यवसायाचा रकाना रद्द करून. त्याला कायदा लागत नाही, मंत्र्याची सही लागत नाही, खर्चही येत नाही. अर्जाचा नमुना ज्याच्या संगणकात आहे, त्याने तो रकाना तेवढा पुसायचा.